लहान संस्थांचे दप्तर आणि मुलांचा हक्क

(कार्यकर्ता-शिबिरात केलेले भाषण)



वकिलाला बोलावले म्हणजे तो कायद्याची कलमे वाचून दाखविणार, अशी धास्ती आपल्यापैकी काहींना वाटत असेल. ती अगदीच निराधार नाही. परंतु आज मी कलमांपेक्षा मुलांविषयी अधिक बोलणार आहे, आणि एका प्रसंगी स्वतःच्या चुकीविषयीही बोलणार आहे. आपण सारे खेड्यापाड्यांत व वस्त्यांत लहान लहान संस्था चालविता. कोणाची बालवाडी आहे, कोणाचे दहा-वीस मुलांचे वसतिगृह आहे, कोणी विधवा व परित्यक्ता स्त्रियांच्या मुलांसाठी सायंकाळचा अभ्यासवर्ग चालवितो. या संस्थांपुढे आज कोणत्या अडचणी उभ्या आहेत आणि त्यांतून वाट कशी काढावी, हा माझा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. लहान संस्था ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातील समाजपरिवर्तनाचे कार्य बहुतांशी लहान संस्थांतूनच उगवले आहे. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले ते स्वतःच्या घरी. तेथे त्यांच्या मागे ना सरकार होते ना धनिक. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढील वर्षाच्या जानेवारीत सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. तेही आजच्या मानाने लहानच होते. परंतु त्या सभेला लेखी उद्दिष्टे होती, व्यवस्थापक मंडळ होते, वर्गणीचा व खर्चाचा हिशेब होता. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या पुरुषाने आपल्या लोकांसाठी पहिली संस्था काढली ती रीतसर काढली, हे आपण विसरतो. सभेची आठवण आपण सभासमारंभांत काढतो; तिच्या दप्तराची आठवण मात्र कोणी काढीत नाही. माझे आजचे सारे म्हणणे त्या दप्तराविषयी आहे.

आता माझ्या चुकीकडे वळतो.

मी मराठवाड्यातील एका ऊसतोड मजुराचा मुलगा आहे. दिवाळी झाली की माझे आई-वडील मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्याच्या फडावर जात आणि पाडव्याच्या सुमारास परत येत. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशेब. त्या हिशेबात मुलाला जागा नसते. फडावर गेलेले मूल शाळेतून सुटते, धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि बारा-तेरा वर्षांचे झाले की तेच मोळ्या बांधू लागते. माझे तसे झाले नाही, याचे कारण आमच्या तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी पत्र्याच्या दोन खोल्यांत एक वसतिगृह चालविले होते. आम्ही त्यांना नुसते गुरुजी म्हणत असू. त्या दोन खोल्यांत मी नऊ हंगाम काढले. पुढे विधी महाविद्यालयात गेलो आणि तालुक्याच्या कोर्टात वकिली सुरू केली, ती त्या पत्र्याच्या जोरावर.

२००९ साली संस्थेचे खजिनदार वारले. गुरुजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “अरे, धर्मादाय कचेरीत काही कळवावे लागते म्हणतात. तेवढे कागद करून टाक.” मी त्यांना म्हणालो, “गुरुजी, घाई काय आहे? पुढच्या महिन्यात करू.” तो पुढचा महिना आठ वर्षे आला नाही. गुरुजींनी दोनतीनदा आठवण दिली. मी फी घेत नव्हतो, म्हणून ते संकोचत. आणि मी फी घेत नव्हतो, म्हणूनच ते काम माझ्या टेबलावर सर्वांत खाली जात असे. फुकट केलेले काम हे उपकाराचे काम आहे, असे मी मनात धरून बसलो होतो.

२०१७ च्या पावसाळ्यात गुरुजी गेले. तोवर मूळच्या सात विश्वस्तांपैकी चार वारले होते. गावकऱ्यांनी नवी कार्यकारिणी निवडली. परंतु धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत जुनीच सात नावे होती. बँकेने विचारले, खात्यावर सही कोणाची? ज्यांच्या सह्या होत्या त्यांपैकी एकच गृहस्थ जिवंत होते, आणि नियम दोन सह्यांचा होता. बँकेचे त्यात काही चुकले नाही. त्याच सुमारास वारलेल्या एका विश्वस्तांचे पुतणे पुढे आले व म्हणाले की खोल्यांची जागा आमच्या काकांची आहे. काकांनी ती जागा भर सभेत संस्थेला दिली होती, टाळ्याही झाल्या होत्या. परंतु स्थावर मिळकतीचे दान नोंदलेल्या व दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेल्या दस्ताखेरीज होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात १८८२ पासून लिहिलेले आहे. टाळ्यांची नोंद दुय्यम निबंधकाकडे होत नसते.

वसतिगृह त्या हंगामात उघडले नाही. सत्तावीस मुले होती. त्यांत बारा मुली. आई-बापांनी उचल घेतलेली होती, जाणे त्यांना टळणारे नव्हते. काही मुले आजीपाशी राहिली. बहुतेक मुली फडावर गेल्या. त्यांतील एकीचे पुढच्या वर्षी, वयाच्या पंधराव्या वर्षी, लग्न लावून दिले गेले. पाचटाच्या खोपीत वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवावे, असा तिच्या आईचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ मला पाठ होता. ती मुलगी सातवीत वर्गात पहिली आलेली होती.

बंधूंनो, हे वसतिगृह कोणी द्वेषाने बंद पाडले नाही. एका अर्जाअभावी ते बंद पडले, आणि तो अर्ज करावयाचा होता मी. ही गोष्ट मी आपल्यापुढे खेद मिरवण्यासाठी सांगत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या संस्था आज याच अवस्थेत आहेत आणि त्यांना ते ठाऊकही नाही, म्हणून सांगतो.

आता अडचणींचा क्रमाने विचार करू.

पहिली अडचण उत्तराधिकाराची. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली धर्मादाय संस्था ही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही येते. विश्वस्त वारला, त्याने राजीनामा दिला, नवा निवडला गेला, किंवा मिळकतीत फरक पडला, तर त्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. कचेरीत यालाच सारे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. उशीर झाल्यास कारण दाखवून तो माफ करण्याची विनंती करता येते. परंतु उशीर जितका मोठा तितके साक्षीदार कमी आणि हरकतदार जास्त, असा माझा अनुभव आहे. आपल्या संस्था बहुधा एका माणसाच्या तळमळीवर उभ्या असतात. तो माणूस असेपर्यंत सारे चालते. त्याच्यामागे त्याचा मुलगा स्वतःला वारस समजतो, किंवा गावातील दोन गट परस्परांविरुद्ध अर्ज करतात. विश्वस्तपद हे वतन नव्हे. ते वारशाने मिळत नाही. वतनदारीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या माणसांच्या संस्थांत वतन शिरावे, यापरते दुर्दैव ते कोणते?

दुसरी अडचण पैशाची. आणि येथे दोष सर्वस्वी आपला नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. हा पैसा मोठा आहे. परंतु कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे तेच कलम सांगते. परिणामी जेथे कारखाने आहेत तेथे पैसा आहे, आणि जेथून माणसे कारखान्यांकडे व फडांकडे जातात तेथे तो क्वचित पोचतो. शिवाय असे काम घेणाऱ्या संस्थेला त्याच तऱ्हेच्या कार्याचा किमान तीन वर्षांचा पूर्वानुभव व निराळी नोंदणी लागते. त्याखेरीज इंग्रजीत लिहिलेला प्रस्ताव, छायाचित्रे, आकड्यांचे तक्ते हे सारे आलेच. ज्या बाई पहाटे चाळीस मुलांच्या भाकरी थापतात त्यांनी रात्री हे तक्ते केव्हा भरावेत?

परदेशातून येणाऱ्या पैशाचेही तसेच. पूर्वी मोठ्या संस्था असा निधी घेऊन त्यातील काही भाग खेड्यांतील लहान संस्थांना देत असत. २०२० साली परकीय अभिदायविषयक अधिनियमात दुरुस्ती होऊन असा निधी एका संस्थेने दुसरीला देण्यास पूर्ण मनाई झाली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. गैरव्यवहार रोखणे हा शासनाचा अधिकार आहे, याविषयी माझा वाद नाही. परंतु ओढ्याला बांध घातला तर शेवटच्या शेताला पाणी कसे मिळेल याची तजवीज बांध घालणाऱ्याने करावयास हवी. ती झाली नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. देणगीदार वह्या देतो, दप्तरे देतो, पंखा देतो आणि पंख्यावर आपले नावही लिहून घेतो. परंतु स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा पगार, हिशेबनिसाचे मानधन, लेखापरीक्षकाची फी यांसाठी कोणी पैसे देत नाही. हा खर्च म्हणजे उधळपट्टी, अशी समजूत आहे. मुलाचे पोट वहीने भरत नाही, आणि संस्थेचा हिशेब पंखा लिहीत नाही. त्यामुळे होते काय, की पडेल ते काम बिनपगारी स्त्रियांच्या गळ्यात पडते. हजेरीवर आपण त्यांना ‘सेविका’ लिहितो आणि वर्षानुवर्षे त्यांच्या श्रमाचे मोल देत नाही. दुसऱ्यांच्या फुकट राबणुकीविरुद्ध उभे राहिलेल्या समाजाने आपल्याच घरात ती चालवून घेऊ नये.

तिसरी अडचण पुनःपुन्हा कराव्या लागणाऱ्या नोंदण्यांची. प्राप्तिकरातून सूट मिळण्यासाठी पूर्वी एकदा नोंदणी झाली की ती रद्द होईपर्यंत टिकत असे. २०२० च्या वित्त अधिनियमाने ती पाच वर्षांपुरती केली. पुढे, पाच कोटींपर्यंत उत्पन्न असणाऱ्या न्यासांसाठी हा काळ दहा वर्षांचा करण्याची तरतूद २०२५ साली झाली, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्या लहान संस्थांच्या मधल्या मुदती हुकल्या त्यांचे देणगीदार तुटले. जे वार्षिक विवरण मोठ्या संस्थेचे कार्यालय दुपारपर्यंत पाठवते, त्यासाठी आपल्या कार्यकर्त्याला जिल्ह्याच्या गावी दोन खेपा कराव्या लागतात आणि त्या दोन दिवसांची मजुरी बुडते. कायद्याचे ओझे सर्वांना सारखेच दिसते. खांदे मात्र सारखे नसतात.

चौथी गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. येथे मला कठोर बोलावे लागेल. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे. न केल्यास शिक्षा आहे. ‘आमच्या मुलांना आई-बाप आहेत, हे वसतिगृह आहे, बालगृह नव्हे,’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण ते आपल्या मनाशी ठरवू नका. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम तर याहून स्पष्ट आहे. मुलावर असा अपराध झाल्याचे कळल्यावर पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडपला तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ‘संस्थेची अब्रू जाईल, समाजाची बदनामी होईल’ असे म्हणून अशी प्रकरणे मिटवणारे लोक मी पाहिले आहेत. मुलाच्या अब्रूहून संस्थेची अब्रू मोठी मानणाऱ्या संस्थेला मुले ठेवण्याचा अधिकार नाही. इतर कागदांबाबत आपण सवलत मागू. येथे सवलत मागावयाची नाही.

मग करावयाचे काय?

मी चार गोष्टी सुचवितो. त्या फार मोठ्या नाहीत, आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

एक. येथून परत गेल्यावर आठ दिवसांत आपल्या संस्थेच्या परिशिष्ट एकचा उतारा धर्मादाय कार्यालयातून काढा. त्यातील विश्वस्तांची नावे वाचा. त्यांपैकी कोण हयात आहे, ते पाहा. जागा कोणाच्या नावावर आहे, ते पाहा. जागा देणारा हयात असेल तर त्याच्या हयातीतच दस्त नोंदवून घ्या. तो वारल्यावर त्याचे पुतणे वकिलाकडे जातात, आणि तो वकील मीही असू शकेन.

दोन. पैसा संस्थेच्या बँकखात्यातूनच जाऊ द्या. पदाधिकारी अडीअडचणीला आपल्या खिशातून पैसे घालतात आणि पुढे संस्थेकडून वळते करून घेतात. हेतू चांगला असतो. परंतु धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विश्वस्ताला संस्थेसाठी कर्ज उभारता येत नाही, आणि अशा नोंदींतूनच पुढे अफरातफरीचे आरोप उभे राहतात. द्यावयाचे तर देणगी म्हणून द्या आणि पावती फाडा. आमचे गुरुजी पोते-दोन पोती ज्वारीचीही पावती देत. संस्था पुन्हा उभी करताना त्या जुन्या पावतीपुस्तकांनीच आम्हाला तारले.

तीन. तालुक्यातील पाच-सात लहान संस्थांनी मिळून एक सामायिक दप्तर ठेवावे. एक हिशेबनीस, एक लेखापरीक्षक, एक वकील, आणि मुदतींची एकच वही. आपापली स्वायत्तता राखून हे करता येते. प्रत्येकाने आपला स्वतंत्र झेंडा फडकवावा, पण कीर्द लिहिणारा हात एक असला तर बिघडत नाही. आपल्या समाजात आज वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. त्यांतील पुष्कळजण असल्याच एखाद्या वसतिगृहात शिकले. जयंतीच्या मिरवणुकीला त्यांनी वर्गणी द्यावीच, पण महिन्यातून एक रविवार या दप्तरालाही द्यावा. आणि माझ्यासारखे वागू नये. फुकटचे काम आधी करावे, कारण त्याच्यामागे तगादा लावणारा कोणी नसतो.

चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आपण जे करतो ते कोणाचे कर्तव्य आहे, हे विसरू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१-क ने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आहे. २००९ च्या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि त्यांत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य नाव घेऊन नमूद केले आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही आखली. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया व मुले यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हे सर्व हक्क आहेत. आपल्या संस्थेत आलेल्या प्रत्येक कुटुंबाची एक पाटी भाकरीने भरा. परंतु दुसऱ्या पाटीत एक लेखी अर्जही ठेवा. दर वर्षी हंगामापूर्वी गावातून किती मुले जाणार त्यांची यादी करा, ती ग्रामपंचायतीला व गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. ती पोच उद्या कोर्टात उपयोगी पडते. भूक भागविणे हे करुणेचे काम आहे. पण ज्याची जबाबदारी आहे त्याला तिची आठवण न देता आपणच भूक भागवीत राहिलो, तर त्याला आपण मोकळे सोडतो.

शासनाकडेही आपले मागणे आहे. लहान संस्थांसाठी तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा धर्मादाय कार्यालयाचा कर्मचारी बसावा. विवरणपत्रे मराठीत व सुटसुटीत असावीत. आणि विनावाद बदल अर्ज ठराविक मुदतीत निकाली निघावेत. यात भीक नाही. ज्या कामासाठी शासनाचा हात पोचत नाही ते काम ज्यांनी उचलले आहे त्यांनी एवढे मागणे रास्तच आहे.

शेवटी, त्या वसतिगृहाचे काय झाले हे सांगून आपली रजा घेतो. नवी कार्यकारिणी मान्य होण्यास दोन हंगाम गेले. पुतण्याशी तडजोड झाली. त्याने जागा दस्ताने दिली, आणि आज तो स्वतः विश्वस्त आहे. २०१९ च्या हंगामात अठरा मुलांनिशी आम्ही पुन्हा कुलूप उघडले. पुढच्याच वर्षी महामारीने ते पुन्हा लावावे लागले, आणि नंतर ते पुन्हा उघडले. आता मुदतींची वही माझ्या टेबलावर सर्वांत वर असते.

ज्या मुलीचे लग्न झाले ती आता दोन लेकरांची आई आहे. मागल्या दिवाळीत ती थोरल्या मुलीला घेऊन आली. मूल अजून लहान आहे, वसतिगृहात ठेवण्याजोगे वय नाही, असे आमच्या बाईंनी तिला सांगितले. ती म्हणाली, “आता ठेवू नका. पण नाव लिहून ठेवा. पुढं तुमचं बंद तर होणार न्हाई ना?”

मी तिला होणार नाही असे सांगितले आहे. आपण सर्वांनी मिळून माझा तो शब्द खरा करावा, एवढेच माझे मागणे.

जय भीम.